घोडं पेंड खातं, ते का?

मराठी भाषेनं घोड्यावर जेवढा अन्याय केला आहे तेवढा गाढवावरही केलेला नाही. गाढवाला आपण एकदा मूर्ख ठरवलं आणि सोडून दिलं. त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही. घोड्याला मात्र आपण प्रत्येक भानगडीत ओढतो. कर्जाची फाईल महिनाभर साहेबांच्या टेबलावर पडून असते. सही साहेबांची राहिलेली असते, डुलकीही साहेबांचीच असते, आणि आमचे हेडकॅशियर चष्मा पुसत विचारतात, "घोडं कुठं पेंड खातंय?" ठरत आलेलं लग्न हुंड्यापायी मोडायला आलं की 'घोडं अडलं'. एखादा गृहस्थ दुसऱ्याला बोलूच देत नसला की तो 'आपलंच घोडं दामटतो'. ऑफिसात बिनकामाची माणसं भरली की 'खोगीरभरती'. काम उशिरा झालं की 'वरातीमागून घोडं'. आता मला सांगा, वरात पुढं निघून गेली आणि घोडं मागं राहिलं, यात घोड्याचा दोष काय? वरात काढली कुणी?

या सगळ्या वाक्प्रचारांत घोडं अडतं, पेंड खातं, मागं राहतं. पण ते का अडतं, हे विचारायची तसदी ज्ञानोबांच्या या भाषेत कुणी घेतलेली दिसत नाही. म्हणून मी घोड्याचं वकीलपत्र घेतो आहे. मी कायद्याचा पदवीधर नाही, कॉमर्सचा आहे. पण माझा या प्रकरणाशी संबंध वकिलापेक्षा जवळचा आहे: अकोल्यातल्या एका पांढऱ्या घोडीला मी जामीन आहे.

घोडी आमच्या साडूंची. ते वयानं आणि वजनानं माझ्यापेक्षा मोठे, म्हणून मी त्यांना 'भाऊ' म्हणतो. मी क्लार्क आहे हे पक्कं माहीत असूनही ते मला 'मॅनेजरसाहेब' म्हणतात. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. खुर्च्या आपल्या, झालर आपली, झुंबरं आपली, मग घोडीच तेवढी भाड्यानं कायले आणायची, असा रास्त विचार करून त्यांनी कर्ज काढलं आणि दत्तजयंतीच्या सुमाराला ते सारंगखेड्याच्या यात्रेला गेले. तापीकाठची ही यात्रा म्हणजे घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरा, सगळे तिथं उभे असतात. भाऊंनी चार दिवस मुक्काम केला. घोडीचा रंग पाहिला, उंची पाहिली, अंगावरचे भोवरे मोजले. कुठला भोवरा मालकाला लाभतो आणि कुठला मालकाला खातो, हे त्यांना तोंडपाठ झालं. आणि घोडी काय खाते हा प्रश्न त्यांना पडला तो ती ट्रकमध्ये चढल्यावर. विकणारा म्हणाला, "जे द्याल ते खाते."

चार दिवसांत त्या बाजारात बोललं गेलेलं सर्वांत महागडं वाक्य ते हेच. पण दोष एकट्या भाऊंचा नाही. कर्जाच्या फॉर्मात 'प्रस्तावित मालमत्तेचं वर्णन' असा भाग असतो. त्यात रंग, उंची, वय, ओळखीची खूण, किंमत, विमा, या सगळ्यांना रकाने असतात. काय खाते, याला रकाना नसतो. हिशेबाच्या शास्त्रात घोडी ही 'स्थिर मालमत्ता' आहे. जिला चार पाय आहेत आणि फटाका वाजला की जी दोन मिनिटांत गाव सोडते, तिला आम्ही स्थिर म्हणतो, टेबल-खुर्चीबरोबर यादीत घालतो आणि दरसाल घसारा काढतो. टेबलाला पोट नसतं, एवढा एकच फरक हिशेबात बसत नाही.

अकोला म्हणजे सरकीच्या ढेपेचं माहेर. इथल्या ढेपेचे भाव बघून वायदेबाजारात लोक रडतात आणि हसतात. बाकीचा महाराष्ट्र जिला पेंड म्हणतो ती आमची ढेप. भाऊंच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी. तेव्हा घोडीला सकाळी एक घमेलं भिजवलेली ढेप, संध्याकाळी तोबरा भरून हरभरे आणि मधले नऊ-दहा तास समोरची भिंत, असा खुराक सुरू झाला. मी एकदा भीत भीत विचारलं, "भाऊ, चारा?"

"चारा बैलाले असते, मॅनेजरसाहेब. घोडी हाये ते! घोड्याले चणे पाह्यजे, चणे!"

इथं मात्र मला दोन शब्द बोललेच पाहिजेत. म्हशीचं पोट म्हणजे फिक्स डिपॉझिट. एकदा भरणा केला की चार कप्प्यांत ठेव सुरक्षित. म्हैस सावलीत बसून निवांत रवंथ करते आणि व्याज खाते. घोड्याचं पोट म्हणजे करंट अकाउंट. चारशे किलोच्या घोडीचं जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं, म्हणजे आपल्या मोरीतल्या बादलीएवढं. त्यात थोडं थोडं येत राहायला हवं आणि पुढं जात राहायला हवं. रानात मोकळा सोडलेला घोडा दिवसाच्या चोवीस तासांतले पंधरा-सोळा तास चरत असतो, तो हावरा म्हणून नव्हे. त्याच्या जठरात आम्ल अष्टौप्रहर पाझरत असतं, खाणं असो वा नसो. त्यावर उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावतानाच. चारा बंद की लाळ बंद, आणि रिकाम्या पोटात आम्ल आपलं काम चालू ठेवतं. त्याचे व्रण पडतात. मग घोडी दावणीचं लाकूड कुरतडते, माणसाकडं कान पाडून बघते, तंग आवळताना चावायला येते. आणि मालक सगळ्या गल्लीला सांगतो की घोडी खुनशी आहे.

चाऱ्याची खरी पचनशाळा पुढं आहे. आंधळं आतडं आणि मोठं आतडं मिळून शंभर लिटरांहून मोठं भांडं, आणि त्यात गवताचे धागे आंबवणारे कोट्यवधी जिवाणू. ही मंडळी सरकारी नोकरांसारखी असतात. ठरलेलं काम, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मालावर. एकदम दोन-अडीच किलोंच्या वर दाणा आला की जठर तो न पचवताच पुढं ढकलतं, तिथं तो भलत्याच जिवाणूंच्या हाती लागतो, आम्ल तयार होतं आणि सगळं खातं बिघडतं. मग पोटशूळ. मग कधी खुरांच्या आतला दाह, ज्यात घोडी पुढचे पाय पुढं काढून, टाचांवर भार देऊन अंगारावर उभी असल्यासारखी उभी राहते. आणि या करंट अकाउंटची सर्वांत भयंकर अट अजून सांगायचीच आहे: घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाची झडप एकाच बाजूला उघडते. चुकीची एन्ट्री पडली की रिव्हर्सल नाही.

हिशेब तर अगदी सोपा आहे. रोजचा एकूण कोरडा खुराक वजनाच्या सुमारे दोन टक्के, आणि त्यातला दीड टक्का तरी चारा. म्हणजे भाऊंच्या घोडीला दिवसाला आठ किलो, त्यात सहा किलो गवत-कडबा. मारवेल, पवन्या, हरळी मिळाली तर उत्तम. नाही तर स्वच्छ, बुरशी न लागलेला कडबा, दिवसभरात चार-पाच वेळा विभागून. दाणा कामाच्या मानानं आणि थोडा थोडा. मिठाचा खडा चाटायला. पाणी 25-30 लिटर, आणि आमच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की त्याहून कितीतरी जास्त. यात न समजण्यासारखं काय आहे? दोन टक्क्यांचा हिशेब तर आमच्या बँकेचे खातेदार झोपेतही करतात. ढेप दिलीत तर घोडी ती खाईलही. पण ढेप हा चारा नव्हे, आणि सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या विषारी द्रव्याला काबूत ठेवणारं रवंथाचं पोट म्हशीला आहे, घोड्याला नाही. तेव्हा यापुढं कुणी 'घोडं पेंड खातंय' असं म्हणालं तर त्याला निक्षून विचारा, "दिली कुणी?"

बरं, घोडी बोलत नाही अशातलाही भाग नाही. भाऊंची घोडी मध्यंतरी चाऱ्याचे अर्धवट चावलेले गोळे तोंडातून टाकायला लागली. "नखरे करते," भाऊ म्हणाले. पानठेल्यावरच्या जाणकारांनी निदान केलं की दृष्ट लागली. लिंबू-मिरची बांधली. घोड्याचे दात जन्मभर वर सरकत राहतात आणि झिजत राहतात. झीज सारखी झाली नाही तर दाढांना धारदार कडा येतात, गालाच्या आतून जखमा होतात. अकोल्यात जनावरांच्या डॉक्टरकीचं पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था आहे. तिथून कानशीसारखं हत्यार घेऊन माणूस आला, दाढा घासल्या, आणि दृष्ट उतरली. मिरच्या त्या दिवशी भाजीत गेल्या.

आमच्यात म्हण आहे की साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये. तिची निम्मी बाजू शास्त्रशुद्ध आहे. (साहेबाच्या बाजूचं शास्त्र अजून निघायचं आहे.) घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन अंगांना, म्हणून त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, दिसत नाही ते नेमकं शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं थोडंसं. जे दिसत नाही ते वाघच असणार, अशा हिशेबानं त्याचे पूर्वज जगले, म्हणून तर हा शिल्लक आहे. आधी पळायचं, मग विचार करायचा. पळता आलं नाही तर लाथ. याला आपण 'बिथरला' म्हणतो. आमचा एक सहकारी ऑडिटरची गाडी फाटकात दिसताच मागच्या दारानं चहाला जातो, त्याला कुणी बिथरला म्हणत नाही, समयसूचक म्हणतात.

घोडा माणसाला किती बारकाईनं वाचतो याचा पुरावा बर्लिनमध्ये मिळाला. अमरावतीच्या माणसाला बर्लिन परकं नाही. आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गड्यांनी 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी तिथं देशी खेळ करून दाखवले होते. त्याच्या 32 वर्षं आधी, 1904 साली, त्या शहरात हान्स नावाचा घोडा गाजत होता. फॉन ओस्टेन नावाच्या शाळामास्तरानं त्याला गणित शिकवलं होतं. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, घोडा खुरानं टापा मारून बरोबर उत्तर द्यायचा. समिती बसली. समितीला लबाडी सापडली नाही. पुढं ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं शोध लावला की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं तर घोड्यालाही येत नाही. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं, ताण सैल व्हायचा. घोडा ते टिपून थांबायचा. लोक निराश झाले. म्हणाले, हात्तिच्या, याला गणित येत नाही! अहो, गणित तर कॅल्क्युलेटरलाही येतं. समोरच्याच्या मानेची केसभर हालचाल त्यानं वाचली, जी तेरा विद्वानांच्या समितीला दिसली नाही. असला घोडा आमच्या कर्ज-विभागात बसवला असता तर बुडीत खाती निम्म्यावर आली असती.

आता असं हे केसाएवढी हालचाल वाचणारं जनावर आपण कुठं नेऊन उभं करतो? वरातीत. मागं डीजेची भिंत, तिच्यामागं जनरेटर, दोन्ही अंगांना डोक्यावर झुंबरं घेतलेली माणसं, पायांखाली फटाक्यांची माळ आणि पाठीवर नवरदेव, ज्याला स्वतःलाच पळून जावंसं वाटत असतं. त्याची धाकधूक घोडीला कातड्यातून कळते. मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंतचं अर्ध्या किलोमीटरचं अंतर आपण अडीच तासांत कापतो. वर नवरदेवाचे मित्र ओरडतात, "नाचव रे घोडी!" आणि घोडी नाचते. सगळे म्हणतात, वा, काय रंगात आली आहे!

ती रंगात आलेली नसते, राजेहो. तिला पळायचं असतं आणि लगाम पळू देत नाही. पुढं जाता येत नाही, मागं जाता येत नाही, म्हणून ती जागच्या जागी पाय आपटते. कधी तोंडात काटेरी लगाम असतो. त्याला 1965 च्या नियमांनी बंदी आहे, तरी असतो. कधी ढोलाच्या ठेक्यावर नळीवर छडी मारून मारून पाय उचलायला शिकवलेलं असतं. चाबूक मारून कुणी नर्तकी तयार करत नाही, हे झेनोफॉन नावाचा ग्रीक सरदार घोड्यांच्या संदर्भात सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी सांगून गेला. आपण त्याला वन्समोअर देतो आणि नोटा ओवाळतो.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याबद्दल आपल्याकडे 1960 सालचा कायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 रुपयांपासून 50 रुपयांपर्यंत. चेक परत गेला तर आम्ही याहून जास्त कापून घेतो.

गेल्या मे महिन्यात एका मोठ्या तिथीला भाऊंनी एकाच दिवसात दोन वराती घेतल्या. एक दुपारची, एक रात्रीची. मधे घोडीला पाणी दिलं नाही, कारण घामेजल्या घोड्याला पाणी पाजू नये असं पानठेल्यावर ठरलेलं आहे. (पाजावं. थोडं थोडं, पण पाजावं. घोड्याला घामातून पाणीही जातं आणि मीठही.) रात्री बाराला वरात लागली, आणि दमलेल्या घोडीवर खूश होऊन वरपित्यानं स्वतःच्या हातानं परातभर हरभरे आणि गूळ चारला. पहाटे तीनला मला फोन. घोडी वळून वळून कुशीकडं बघते, पाय खरडते, बसते, उठते, लोळते, अंग घामानं निथळतं, लीद बंद. गल्ली जमलेली. कुणी म्हणत होतं ओवा आणि दारू पाजा, कुणी बांबूची नळी घेऊन तेल ओतायला निघालेला. ते तेल घशातून फुप्फुसात गेलं असतं तर सकाळी मी आणि विमा कंपनी, दोघंच उरलो असतो.

डॉक्टर आले. त्यांनी नाकातून जठरात नळी घातली. जी झडप बाहेरच्या बाजूला उघडत नाही तिच्यावर एवढाच इलाज. सलाईन, इंजेक्शनं, दोरी धरून सावकाश फिरवणं. दुपारी बारा वाजता घोडीनं लीद टाकली. आमच्या वऱ्हाडात मुलगा झाला तरी एवढा आनंद होत नाही. भाऊ लिदीकडं बघून रडले. मी मिळेल त्या गाडीनं बडनेऱ्याहून आलो होतो, जामीनदार म्हणून. पण त्या लिदीकडं बघताना मला हप्त्याची आठवण झाली नाही, एवढं सांगतो.

तेव्हा बोलायचं ते आताच, घोडी उभी आहे तोवर. माझ्या लहानपणी अमरावती स्टेशनासमोर तांगे उभे असत. तांगेवाले काही संत नव्हते, चाबूक त्यांच्याकडंही होता. पण घोडा बसला तर रात्रीची भाकर बसली, हे गणित रोजचं होतं, म्हणून ते दिवसातून दहा वेळा त्याच्या खुराला हात लावत, लीद पाहत, उभ्या घोड्याच्या तोंडाला गवताचा तोबरा लावत. दुपारी भाडं नसलं की खरारा चाले. तांगे गेले. नालबंद गेले, चाबूकस्वार गेले. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टं होती, 2019 च्या गणनेत साडेतीन लाखांच्या आत. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांना उच्च न्यायालयानं 2015 साली बंदी केली, बरं झालं. पण घोड्याबरोबर घोडा समजणारा माणूसही संपला, आणि उरलेले घोडे ज्यांच्या दारात आले ते एक तर भाऊंसारखे मंडपवाले किंवा रील काढणारे शौकीन. शौकिनाच्या फार्महाऊसवरचा घोडा एकटा असतो. कळपातलं जनावर, त्याला सोबत म्हणून एखादी शेळी तरी द्यावी, तर शेळी फोटोत बरी दिसत नाही म्हणे.

या मंडळींना शिकवायचं कुणी आणि कसं, असं विचाराल तर घोड्याला शिकवतात तसंच. घोडा ओढण्यानं शिकत नाही, सोडण्यानं शिकतो. लगामाचा हलका ताण दिला, त्यानं पाऊल टाकलं, की त्याच क्षणी ताण सैल. त्या सैल होण्यातून त्याला कळतं की हेच हवं होतं. पाऊल टाकल्यावरही ओढतच राहिलात तर तो म्हणतो, टाकूनही ओढतात, मग टाकायचं कशाला? आमच्या वसुली-विभागाला हे कळावं अशी माझी फार इच्छा आहे. हप्ता भरल्यावरही जर नोटिसा चालूच राहिल्या, तर चांगला खातेदारही तोंड घट्ट करतो.

भाऊंना मी वर्षभर ओढलं नाही. त्या दुपारनंतर मात्र त्यांनी स्वतः विचारलं, "मॅनेजरसाहेब, ते दोन टक्के कायचे म्हनत होते तुमी?" आता घोडीपुढं कडबा असतो. एका दिवसात एकच वरात. डीजे वीस पावलं मागं, फटाके बंद, तोंडात साधा लगाम, आणि 'नाचवणार नाही' असं बिलबुकावर छापलेलं. या अटींपायी तीन गिऱ्हाइकं परत गेली. "मंग दुसरी पाहू," म्हणाली. आणि अकोल्यात दुसरी मिळते, दोन हजार कमी घेऊन, पुढचे पाय नाचवत. भाऊंचे दोन हप्ते थकले. पत्र मला आलं, कारण जामीन मी. म्हणजे घोडं इथं अडलं आहे, आणि अडवणारे तुम्ही आहात, ज्यांच्या घरी या वर्षी कार्य आहे ते.

तुळशीचं लग्न लागलं की बुकिंग सुरू होतील. बयाणा देण्याआधी घोडीच्या तोंडात कुठला लगाम आहे तो हात लावून पाहा, सकाळपासून तिनं काय खाल्लं ते विचारा, आणि ती आज दुसऱ्या कुणाला वाहून आली आहे का तेही विचारा. आणि वरात लागल्यावर घोडीवाल्यानं दोन बादल्या पाणी मागितलं, तर कृपा करून त्याला केटररकडं पाठवू नका. केटरर त्याला गुलाबजाम देतो.